जोडीदार अमेरिकेत आहे, मग आपण कोणत्या व्हिसावर यायचं?

लग्न ठरलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "व्हिसा किती दिवसांत होईल?" मला फोन करणाऱ्या मुलामुलींचाही तोच प्रश्न असतो. उत्तर द्यायच्या आधी मी दोन गोष्टी विचारते. तुमचा जोडीदार आज अमेरिकेत नेमका कोणत्या दर्जावर आहे: सिटिझन, ग्रीन कार्डवाला, की एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर? आणि इथे उतरल्यावर पहिल्या वर्षात तुम्हाला स्वतःला काय करायचंय? पहिल्या उत्तरावरून कोणते रस्ते उघडे आहेत ते कळतं. त्यातला कुठला धरायचा, ते दुसऱ्यावरून. दिवसांचा हिशोब त्यानंतर.

हे एवढं ठासून सांगते, कारण आमच्याकडे दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. २००९ मध्ये बँकेतली नोकरी सोडून मी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आले. त्यावर काम करता येत नाही हे माहीत होतं, पण "जाऊ तर खरं, मग बघू" असं म्हणून निघाले. बघता बघता सहा वर्षं गेली. २६ मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळायला लागला, तेव्हा कुठे माझ्या हातात इथला पहिला पगार पडला. नवरा समजूतदार होता, घरात कशाची कमतरता नव्हती, तरी ती सहा वर्षं मला फार जड गेली. म्हणून माझं मत आधीच सांगते. दोन रस्ते उघडे असतील तर येणारं माणूस ज्या रस्त्याने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभं राहील तो घ्या, मग चार-सहा महिने उशीर झाला तरी चालेल.

जोडीदार नोकरीच्या व्हिसावर असेल तर तुम्ही त्याचे डिपेंडंट म्हणून येता. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला एच-४, एल-१वाल्याच्या (कंपनीने आपल्याच अमेरिकेतल्या कार्यालयात बदली केलेल्याच्या) जोडीदाराला एल-२, एफ-१ वर शिकणाऱ्याच्या जोडीदाराला एफ-२. लग्नाचा दाखला, जोडीदाराची कागदपत्रं आणि मुलाखत, एवढ्यावर काम होतं. सोपा रस्ता आहे, पण प्रत्येकाची अट वेगळी आहे. एच-४ वर कॉलेजात शिकता येतं, मात्र कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, तेव्हाच मिळतो जेव्हा जोडीदाराचं आय-१४० (नोकरीतून ग्रीन कार्ड मिळवण्यासाठी सहसा कंपनी भरते तो अर्ज) मंजूर झालेलं असतं किंवा त्याला ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे एच-१बीच्या सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असते. तेव्हा लग्नाआधीच विचारा, "तुझं आय-१४० झालंय का?" पगार किती हे विचारताना कुणाला संकोच वाटत नाही, मग हे विचारताना तर मुळीच वाटू नये. एल-२ ची गोष्ट बरीच चांगली आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ जोडीदाराला वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. फक्त विमानतळावरून बाहेर पडल्यावर आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, ऑनलाइन काढून त्यावर 'एल-२एस' असं लिहिलंय ना ते बघा, कारण नोकरी देणारा तोच कागद मागतो. एफ-२ वर मात्र कामही नाही आणि पूर्णवेळ पदवीचं शिक्षणही नाही. शिकायचं असेल तर स्वतःच्या नावाने एफ-१ काढलेला बरा.

या सगळ्या व्हिसांची एक बाजू घरच्यांना सहसा ठाऊक नसते. तुमचं इथलं राहणं जोडीदाराच्या दर्जाला बांधलेलं असतं. त्याची नोकरी गेली तर दोघांनाही जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते. घटस्फोट झाला तर एच-४ संपतो.

आता ग्रीन कार्डवाल्यांकडे वळते, कारण सगळ्यांत महाग चुका मी इथेच पाहिल्या आहेत, आणि त्या टाळायला फक्त कॅलेंडर बघावं लागतं. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डसाठी भारतात जन्मलेले लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात. नंबर जवळ आला की घरचे म्हणतात, "कार्ड हातात येऊ दे, मग थाटात लग्न करू." नेमकं हेच करू नका. ग्रीन कार्ड मंजूर होण्याच्या आधी लग्न झालेलं असेल तर जोडीदार त्याच अर्जाचा भाग ठरतो. तो अमेरिकेत असेल आणि रांगेतली तुमची तारीख चालू असेल, म्हणजे नंबर आलेला असेल, तर दोघांचे आय-४८५ (अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागायचे अर्ज) एकत्र भरता येतात. भारतात असेल तर कार्ड मिळाल्यावर आय-८२४ भरून त्याला मागाहून बोलावता येतं. त्याला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. कार्ड मंजूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी जरी लग्न केलं तरी ही सवलत गेली. मग आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, भरायचा आणि एफ२ए या, ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांच्या आणि मुलांच्या, गटात नंबर लावायचा. त्याची तारीख परराष्ट्र खात्याच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये येते. २०१९ च्या मध्यापासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ही रांग जवळपास नव्हतीच, पण त्यानंतर ती पुन्हा वर्षांच्या हिशोबात गेली. आणि एच-४ चा रस्ताही उरत नाही, कारण जोडीदार आता एच-१बीवर नसतो. शिवाय आय-१३० पडून असताना टुरिस्ट व्हिसा मिळणंही अवघड होतं, कारण कायमचं यायचा इरादा तुम्ही स्वतःच लिहून दिलेला असतो. साखरपुडा झालेला असेल आणि कार्ड कुठल्याही आठवड्यात येईल अशी स्थिती असेल, तर हॉल मिळेपर्यंत थांबू नका. आधी रीतसर नोंदणी विवाह करा, समारंभ नंतर होईल. विशेष विवाह कायद्याखाली केलात तर तीस दिवसांची नोटीस लागते, ते दिवस हिशोबात धरा.

कार्ड आधीच हातात आलं असेल तर? तरीही आय-१३० लगेच भरा. जोडीदाराला कार्ड मिळून पाच वर्षं होत आली असतील तर त्याने नागरिकत्वाचा अर्जही वेळेवर टाकावा. तो सिटिझन झाला की तुमचा अर्ज एफ२एमधून उचलून बिनरांगेच्या गटात जातो. यात मुलं असतील तर एक काळजी घ्या. एफ२एमध्ये मुलं तुमच्या अर्जात सामावतात, सिटिझनच्या गटात मात्र प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो.

जोडीदार सिटिझन असेल तर रांग नाही, पण निवड खरी इथे करायची असते: के-१ की सीआर-१? के-१ हा ठरलेल्या वधूसाठी किंवा वरासाठी. अमेरिकेतला माणूस आय-१२९एफ भरतो, तुम्ही व्हिसा घेऊन येता, ९० दिवसांत त्याच माणसाशी लग्न करता आणि मग इथे ग्रीन कार्डचा अर्ज टाकता. सीआर-१ मध्ये लग्न आधी होतं, मग आय-१३०, मग नॅशनल व्हिसा सेंटरकडे कागदपत्रं, मग मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत.

के-१ लवकर होतो अशी ख्याती आहे. पण 'लवकर' म्हणजे लवकर विमानात बसता, एवढंच. उतरल्यावर लग्न, मग आय-४८५, मग कामाच्या परवान्याची वाट. तो येईपर्यंत नोकरी नाही, आणि प्रवासाची परवानगी येण्याआधी देश सोडलात तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. त्या काळात घरी कुणी आजारी पडलं तर जाता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला वडिलांच्या शेवटच्या दिवसांत जाता आलं नाही, आणि ते मी विसरू शकत नाही. सीआर-१ वर आलात तर विमानतळावर शिक्का पडतो त्या क्षणी तुम्ही ग्रीन कार्डधारक असता. दुसऱ्या दिवशी नोकरी धरता येते, पुढच्या महिन्यात घरी जाऊन येता येतं. डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरतानाच सोशल सिक्युरिटी नंबर मागता येतो.

पैशांचंही बघा. १ एप्रिल २०२४ च्या दरांनी के-१ ला आय-१२९एफचे ६७५ डॉलर, व्हिसाचे २६५, आय-४८५ चे १,४४० आणि सोबत कामाचा परवाना मागितला तर २६०, असे २,६४० होतात. सीआर-१ ला आय-१३० ऑनलाइन भरल्यास ६२५, व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीपत्राचे १२० आणि कार्ड छापायचे २३५, म्हणजे १,३०५. जवळपास निम्मेच. दर बदलत राहतात, भरायच्या दिवशी यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा पडताळून घ्या.

के-१ मध्ये आपल्या लोकांसाठी एक खास खड्डा आहे. घरचे म्हणतात, "इथे सप्तपदी करून टाकू, नोंदणी करायचीच नाही, मग के-१ चालेल." नाही चालणार. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं होतं. नोंदणी झाली नाही म्हणून ते लग्न नाही असं होत नाही. के-१ ला दोघंही अविवाहित असावे लागतात. मुलाखतीत मंगळसूत्र, हार आणि होमाचे फोटो पुढे आले तर तुम्ही विवाहित आहात असं मानून व्हिसा नाकारू शकतात, आणि मग आय-१३० पासून पुन्हा सुरुवात. ज्यांचं लग्न भारतात सगळ्या नातेवाइकांसमोर व्हायचंय, त्यांच्यासाठी के-१ नाहीच. काही कारणाने अमेरिकेतच लग्न करायचं असेल, भारतात ते करणं शक्य नसेल, तर के-१ योग्य. मात्र अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. व्हिडिओ कॉल त्यात धरत नाहीत.

कुणी के-३ (आय-१३० प्रलंबित असताना सिटिझनच्या जोडीदाराला यायचा व्हिसा) सुचवलं तर तिकडे वेळ घालवू नका. तो कागदावर आहे, पण आय-१३० मंजूर होताच तो अर्ज बंद करतात, आणि बहुतेक वेळा तसंच होतं.

आणि टुरिस्ट व्हिसावर येऊन लग्न करून राहून जायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. कायमचं राहायचं मनात ठेवून "फिरायला आलोय" असं अधिकाऱ्याला सांगणं ही खोटी माहिती ठरते आणि त्याचा डाग आयुष्यभर राहू शकतो.

सीआर-१ मधला 'सी' म्हणजे 'कंडिशनल', अटीचा. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोनच वर्षांचं कार्ड मिळतं, झाली असतील तर आयआर-१ म्हणून दहा वर्षांचं. व्हिसा हातात असताना लग्नाचा दुसरा वाढदिवस पंधरा दिवसांवर असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तिकीट त्यानंतरचं काढा आणि विमानतळावर अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवा. पुढची आय-७५१ ची (कार्डावरची अट काढायच्या अर्जाची) खटपट आणि ७५० डॉलर दोन्ही वाचतात. दोन वर्षांचं कार्ड मिळालंच तर ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ दोघांनी मिळून भरायचा. संयुक्त खातं, घराचा करार, विमा, टॅक्स रिटर्न यांच्या प्रती पहिल्या महिन्यापासून साठवा.

नावाबद्दल थोडं. आपल्याकडे लग्नात तांदळात नवं नाव लिहितात, मधलं नाव आणि आडनावही बदलतं. घरी त्या नावाने जरूर हाक मारू द्या, पण कागदावर घाई नको. पासपोर्ट एका नावाचा, पदवी दुसऱ्या, लग्नाचा दाखला तिसऱ्या, असं झालं की प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो. माझा सल्ला, पासपोर्टवरचं नाव निदान ग्रीन कार्ड येईपर्यंत तसंच ठेवा. जन्मदाखला आत्ताच काढून बघा. पुष्कळांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ते घालून घ्यायला वेळ लागतो. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतो. ठरवून केलेल्या लग्नात ओळख थोड्या दिवसांची असते. त्याची लाज नाही, पण पुरावा जपा: दोन्ही घरच्यांच्या भेटीचे फोटो, पत्रिका, साखरपुड्याची पावती, भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटं.

आय-१३० किंवा के-१ च्या रस्त्याने ग्रीन कार्ड घेत असाल तर जोडीदार आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही करतो. त्यात त्याचं उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्के असावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनी दोघांच्या घरासाठी वर्षाला २६,४३७ डॉलर. कमी पडत असेल तर दुसरा सहहमीदार चालतो. ही सही म्हणजे करार आहे आणि घटस्फोटाने तो संपत नाही, हे दोघांनीही समजून सही करा.

पासपोर्ट, आय-९४, मंजुरीची पत्रं आणि लग्नाचा दाखला यांच्या प्रती तुमच्या स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा, ज्याचा पासवर्ड फक्त तुम्हालाच माहीत आहे. मूळ पासपोर्ट तुमच्याच कपाटात राहू दे. संसार सुखाचा असला तरी हे करा. आणि कुणी व्हिसाचा धाक दाखवून त्रास देत असेल तर गप्प बसू नका. सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारकाकडून छळ होणाऱ्या पतीपत्नींना स्वतःचा अर्ज स्वतः भरता येतो. छळ सोसणाऱ्या एच-४ जोडीदारांनाही कामाचा परवाना मागायची सोय कायद्यात आहे. दोन वर्षांचं कार्ड असेल तर आय-७५१ एकट्याने भरता येतो. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसोबत काम करते आहे. कुठल्याही राज्यातून, रात्री-अपरात्री, घरगुती छळाविरुद्धच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करता येतो: १-८००-७९९-७२३३. हा नंबर फोनमध्ये एखाद्या मैत्रिणीच्या नावाने सेव्ह करून ठेवा.