होम फ्रंट वीकएंडची तयारी: आधी ठरवा, घरात काय नव्हतं

इंग्लंडातल्या कंट्री पार्कांमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं घरगुती जीवन, म्हणजे ‘होम फ्रंट’, उभं करणारे वीकएंड उन्हाळाभर होत असतात. यंदा आपल्यातली काही मराठी कुटुंबं नुसतं बघायला न जाता तंबू आणि टेबल मांडून सहभागी होणार आहेत. ही यादी त्यांच्यासाठी.

कपडे शोधायला लागण्याआधी साल ठरवा. १९४० च्या जानेवारीत रेशन सुरू झालं तेव्हा फक्त बेकन, लोणी आणि साखर एवढ्यावरच बंधन होतं. १ जून १९४१ पासून कपड्यांना कुपनं लागू लागली, १९४२ मध्ये साबण आणि जुलैअखेर चॉकलेट-गोळ्यासुद्धा रेशनवर गेल्या. म्हणजे साल ठरलं की घरात काय मिळत नव्हतं ते ठरतं आणि तिथून पुढची निम्मी यादी आपोआप तयार होते. मी १९४२ ची शरद धरायला सांगेन, कारण तेव्हा टंचाई पुरती अंगवळणी पडली होती.

कपड्यांसाठी भाड्याच्या चकचकीत पोशाखांमागे धावू नका. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं होती. लोकरी झग्याला ११, पुरुषांच्या बुटांना ७ आणि बायकांच्या बुटांना ५ जायची. त्यामुळे कोपरावर ठिगळ असलेला जुना लोकरी कोट हा नव्या कोऱ्या पोशाखापेक्षा जास्त खरा दिसतो. चॅरिटी शॉपमध्ये गुडघ्याखाली येणारा साधा स्कर्ट, बटणांचा कार्डिगन, डोक्याला बांधायला सुती रुमाल एवढं सहज मिळतं. पॉलिएस्टर टाळा, ते लांबूनही चमकतं. स्मार्ट घड्याळ घरी ठेवा. साडी नेसायची असेल तर अवश्य नेसा, पण सुती आणि रोजची; पैठणी नको. १९४२ मध्ये मुंबईत साड्या नेसलेल्या बायका हवाई हल्ल्यापासून बचावाचं, म्हणजे एआरपीचं, प्रशिक्षण घेत होत्या, त्याचं छायाचित्र उपलब्ध आहे. त्याची प्रत जवळ ठेवा, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल. लष्करी गणवेश घालायचा असेल तर आयोजकांना आधी कळवा. नाझी गणवेश बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गॅस मास्कबद्दल मी हट्टाने सांगते: जुन्या बाजारात मिळणारा मूळ मास्क विकत घेऊन तोंडाला लावू नका, मुलांना तर हातही लावू देऊ नका. त्या काळच्या बऱ्याच फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. खांद्याला दोरीने अडकवायचं मास्कचं पुठ्ठ्याचं खोकं मात्र प्रत्येकाकडे हवंच, आणि ते घरी करता येतं. जाड तपकिरी पुठ्ठा कापून चौकोनी डबी चिकटवा, दोन्ही बाजूंना भोकं पाडा, जाड सुतळी ओवून आतून गाठ मारा. झाकण जरा घट्ट बसू द्या, म्हणजे आत मोबाइल, पाण्याची प्लॅस्टिकची बाटली आणि इन्हेलर लपून राहतात. झाकणावर पेन्सिलीने नाव लिहा. मुलांच्या कोटाला नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांतून गावाकडे हलवले गेले, त्यांतली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती, आणि ती गेली अशाच चिठ्ठ्या लावून. मात्र आपलं मूल रडवेलं झालं तर खेळ थांबवा.

सगळ्यात जास्त वेळ टेबलावर घालवा. एका प्रौढाचा आठवड्याचा शिधा स्वयंपाकघरातल्या काट्यावर नीट तोलून मांडा: चहा ५७ ग्रॅम, साखर २२७, लोणी ५७, मार्गारीन ११३, बेकन ११३, चीज ५७ आणि मिळालं तर एक अंडं. युद्धकाळात हे आकडे खालीवर होत राहिले, पण साधारण चित्र हेच. चहाची पूड काचेच्या बशीत ओता. आपल्या घरात दिवसातून दोनदा आधण चढतं, त्यामुळे ती एवढीशी ढिगली पाहिल्यावर आपलेच लोक आधी गप्प होतात. बाजूला भरपूर बटाटे, गाजरं, स्वीड (सलगमसारखं कंद) आणि ब्रेड ठेवा, कारण बटाटा आणि पाव युद्ध चालू असताना रेशनवर आलेच नाहीत. पाव आला तो युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये. शाकाहारी घरांनी हे जरूर सांगावं की शाकाहारी म्हणून नोंदणी केली तर मटणाच्या वाट्याऐवजी जादा चीज मिळायचं. रेशन पुस्तकाच्या छापील नकला मिळतात. प्रौढांचं पिवळसर, गरोदर बाई आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं हिरवं, मोठ्या मुलांचं निळं. तिन्ही रंग ठेवा.

शिजवून दाखवायचं असेल तर वूल्टन पाय करा. उकडलेल्या भाज्या, ओटमील आणि वर बटाट्याचं किंवा गव्हाच्या पिठाचं आवरण. चवीला सपक लागतं, त्यात गरम मसाला घालायचा मोह आवरा. लोकांना चाखायला द्यायचं असेल तर आयोजकांची परवानगी आणि अ‍ॅलर्जीची पाटी, दोन्ही हवं. स्टोव्ह पेटवणार असाल तर वाळूची बादली पुढे आणि आजचं अग्निशामक नळकांडं मागे झाकून ठेवा.

आता एक गोष्ट जी मला टेबलावर हवीच आहे. भारताची पाटी. डिसेंबर १९३९ मध्ये खेचरांच्या कंपन्या घेऊन भारतीय सैनिक फ्रान्सला आले, त्यातले बरेच डंकर्क या फ्रेंच बंदरातून इंग्लंडात पोचले आणि पुढे वेल्स, स्कॉटलंडच्या गावांत राहिले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. हे सांगितल्याशिवाय ५७ ग्रॅम चहाची गोष्ट अर्धीच राहते, कारण तो चहाही आसाम आणि सिलोनच्या मळ्यांतून यायचा. पाटी छोटी, दोन-तीन वाक्यांची ठेवा. भांडायला आलात असं नको, माहिती द्यायला आलात असं वाटू द्या. इथले वृद्ध लोक फार समजून घेऊन ऐकतात.

आईवडील भारतातून आलेले असतील तर त्यांना खुर्ची आणि छत्री घेऊन सोबत बसवा. १९६५ आणि १९७१ मध्ये मुंबईत त्यांनी काचांना कागद चिकटवले, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग लावलेला पाहिला. ब्लॅकआउटचं काळं कापड ते नेमकं कसं टांगायचं ते दाखवतील, आणि पाहुण्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं सांगणारं माणूस मिळेल. फक्त हवाई हल्ल्याच्या भोंग्याची वेळ आधी विचारून ठेवा. इशाऱ्याचा आवाज चढउतार करणारा, धोका टळल्याचा सलग असतो. ज्यांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो त्यांना आधी सांगितलेलं बरं.

उरलेलं पटकन: विम्याचे आणि नोंदणीचे कागद, तंबूच्या खुंट्या, हातोडा, मेणकापड, पावसाळी बूट, सुटी नाणी, रोख पैसे. लोक यायच्या आधी गाडी साधारणपणे मैदानाबाहेर न्यावी लागते, म्हणून सामान आदल्या संध्याकाळीच भरा. नकली बंदुका आणू नका, त्यांचे नियम वेगळेच किचकट आहेत. रविवारी बऱ्याच ठिकाणी मैदानातच स्मरणाची प्रार्थना असते. तेव्हा स्टोव्ह, गप्पा, फोटो सगळं बंद. परत आल्यावर तंबू ओला गुंडाळून ठेवू नका, अंगणात किंवा गॅरेजमध्ये पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर कापडाला बुरशी धरते आणि पुढच्या वेळी वासाने आत बसवत नाही.