अर्जदार ‘व्यक्ती’ की ‘नागरिक’? सीमाभागातल्या संस्थांनो, या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मंडळं, वाचनालयं, देवस्थान कमिट्या तळमळीनं निवेदनं देतात. पण मागणी कितीही रास्त असली, तरी अर्जदार चुकला की कागद अडतो.

संविधानातले काही हक्क ‘व्यक्ती’चे आहेत (कलम १४ समानता, कलम २१ जीवित व स्वातंत्र्य), काही फक्त ‘नागरिका’चे (कलम १५ व १६ भेदभावाला मनाई आणि नोकरीत समान संधी, कलम १९ भाषण, संघटना, व्यवसाय यांचं स्वातंत्र्य). कलम ३६७ मुळे संविधानाचा अर्थ लावताना १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट, कायद्यातल्या शब्दांचे अर्थ ठरवणारा कायदा) लागतो, आणि त्यानुसार कंपनी किंवा संघ, नोंदणी असो वा नसो, ‘व्यक्ती’त येतो. नागरिक मात्र माणूसच.

म्हणून पहिली चूक: एकट्या संस्थेच्या नावानं कलम १९ मागणं. कंपनी नागरिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात ठरवलं. मात्र १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात भागधारकाला स्वतःच्या हक्कासाठी दाद मागता आली. तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात याचिका घालताना पहिला अर्जदार संस्था ठेवा आणि दुसरा एक सभासद, त्याच्या स्वतःच्या नावानं. त्याच्या हक्काला नेमकी कशी बाधा आली, तेही वेगळ्या परिच्छेदात मांडा. संस्थेचा ठराव जोडा. सही कोण करणार आणि कोणत्या कामासाठी, हे त्यात हवंच. नुसतं ‘योग्य ती कार्यवाही करावी’ पुरत नाही. मंडळाची नोंदणीच नसेल तर सभासदांनी नावानिशी उभं राहावं, किंवा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ खाली परवानगी घेऊन सगळ्यांतर्फे दावा लावावा.

भाषेबाबतची गल्लत आपल्याकडे फार जिव्हाळ्याची, म्हणून नीट पाहा. कलम ३५० प्रत्येक व्यक्तीला राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणं मांडू देतं. तहसीलदारांकडे मराठीत तक्रार देणं हा आपला हक्क आहे, तो सोडू नका. पण उत्तरही मराठीतच मिळेल, असं ते कलम म्हणत नाही. ती मागणी वेगळी करा. माहिती अधिकाराचं गणित निराळं. तो हक्क नागरिकाचा, आणि अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथं कन्नडमध्ये करायचा असतो. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. स्वतःचं नाव-पत्ता लिहा. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे.

देवस्थानच्या जमिनीत देव ही कायद्यानं व्यक्ती. दाव्यात ‘श्री अमुक देव, तर्फे वहिवाटदार’ असं लिहितात. उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचं नाव चढलं असेल तर दुरुस्तीसाठी लगेच अर्ज करा. मध्य प्रदेशातल्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मालक देव, पुजारी केवळ व्यवस्था पाहणारा. पूजेच्या हक्कासाठी, म्हणजे कलम २५ खाली, जायचं असेल तर मात्र भाविकानं स्वतःच्या नावानं जावं. देवाला मूलभूत हक्क नसतात, असं मत शबरीमला प्रकरणात २०१८ मध्ये एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रात मांडलं आहे.

आणि ‘तो नेपाळचा, त्याला कसले हक्क?’ हे कृपा करून म्हणू नका. हॉटेलातल्या नेपाळी कामगाराला पकडलं, तर अटकेचं कारण सांगणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं, हे कलम २२ त्यालाही देतं.