प्रयोगशील संगीताचे नवे अल्बम कसे ऐकावेत: कोल्हापूरच्या श्रोत्यासाठी

राजर्षी शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांना ज्या गावात आश्रय दिला आणि जिथे देवल क्लबने गाण्याच्या बैठकींची परंपरा जपली, त्या कोल्हापुरातील श्रोत्याला सावकाश उलगडणाऱ्या संगीताची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. तरीही प्रयोगशील संगीताचा एखादा नवा अल्बम लावला, की पाचव्या मिनिटाला ‘यात गाणे कुठे आहे?’ असा प्रश्न येतो आणि अल्बम बंद होतो. माझ्या मते हा कानाचा दोष नसून सुरुवात चुकीच्या ठिकाणी केल्याचा परिणाम आहे. म्हणून प्रथम कर्कश गोंगाटाच्या ध्वनिमुद्रणांकडे न वळता, ज्याला ‘ड्रोन’ म्हणतात त्या दीर्घ, स्थिर स्वरांच्या संगीतापासून आरंभ करावा.

यासाठी आपल्याकडे तानपुरा आहे. तो नीट जुळला, की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार उमटू लागतो. या स्वयंभू गंधाराकडे ज्याने एकदा लक्ष दिले आहे, त्याला एलियान राडिग या फ्रेंच रचनाकार स्त्रीचे संगीत परके वाटणार नाही. त्यांनी एआरपी २५०० या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या साह्याने स्वर निर्माण करणाऱ्या वाद्यावर, रचलेल्या दीर्घ रचनांमध्ये वरवर पाहता काहीच घडत नाही, परंतु एका स्वराच्या पोटात दुसरे स्वर जागे होतात, एकमेकांवर आपटतात आणि विरतात. ऐकण्यापूर्वी दहा मिनिटे केवळ तानपुरा ऐकावा. मग हे बारकावे आपोआप कानात शिरतात. हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकी रचनाकार किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते.

यानंतर अरुषी जैन यांचा २०२१ चा ‘अंडर द लायलॅक स्काय’ हा अल्बम घ्यावा. मॉड्युलर (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचा) सिंथेसायझर आणि गळ्याचा आवाज यांतून रागांचा विचार मांडणारा हा अल्बम सूर्यास्ताच्या वेळी ऐकण्यासाठी आहे. रंकाळ्याच्या काठावर, गर्दीपासून थोडे दूर बसून तो त्याच वेळी ऐकावा. रागसमयाचे महत्त्व आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

नवे प्रकाशन म्हणजे नेहमी नवी निर्मिती असे नसते, हेही ध्यानात ठेवावे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला होता. तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर आदींनी केलेल्या टेप अनेक दशके पडून राहिल्या आणि त्यांचा संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या दृष्टीने अलीकडच्या काळातील हे सर्वांत मोलाचे प्रकाशन आहे.

शोधाची जागा म्हणून बँडकॅम्प हे संगीतविक्रीचे संकेतस्थळ सोयीचे आहे. तिथे अल्बम आधी ऐकता येतो आणि मग विकत घेऊन फ्लॅक या, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलच्या स्वरूपात उतरवून ठेवता येतो. काही ठरावीक शुक्रवारी ही कंपनी आपला वाटा सोडून देते, तेव्हा खरेदी केल्यास कलाकाराच्या हाती अधिक पैसे पडतात. एखादा अल्बम आवडला, तर तो काढणाऱ्या लेबलची बाकीची प्रकाशने पाहावीत. परदेशातून तबकडी मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधीच हिशेबात धरावे.

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. त्यातून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत आणि ड्रोनचा पाया तिथेच असतो. साधा, वायरचा, बरा हेडफोन पुरेसा आहे. आवाज मध्यम ठेवावा आणि पहिल्या वेळी अल्बम अखंड ऐकावा. दुसऱ्या वेळी वही घ्यावी, पण मत लिहू नये. कोणता आवाज केव्हा आला, किती टिकला आणि कशात मिसळला, एवढेच लिहावे.

ध्वनिमुद्रित आवाजांपासून घडवलेल्या संगीतासाठी मात्र कानाची वेगळी तयारी लागते. फ्रेंच रचनाकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसमधील रेल्वे इंजिनांचे आवाज तबकडीवर मुद्रित करून, त्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून व एकमेकांत मिसळून रचना केली. तिचे मर्म कळण्यासाठी हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जावे आणि मालकाची परवानगी घेऊन फोनवर पाच मिनिटे ध्वनिमुद्रण करावे: चरकाची घरघर, काहिलीत उकळणारा रस, चुलाणात सारलेल्या चिपाडांची तडतड. घरी येऊन डोळे मिटून ते पाच-सहा वेळा ऐकावे. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत गुऱ्हाळ मागे पडते आणि घरघरीतील लय व तडतडीचा पोत उरतो. शेफर यांना आवाज असाच, उगमापासून सुटा ऐकायला हवा होता.

शेवटी, शक्य असल्यास चार-पाच जणांची घरगुती बैठक करावी. दोन स्पीकर आणि श्रोते यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, पंखा बंद ठेवता येईल अशी थंडीतील संध्याकाळ निवडावी आणि अल्बम संपल्यावरही दोन मिनिटे कोणी बोलू नये. मग प्रत्येकाने आपल्या कानाने टिपलेला एकच आवाज सांगावा. अल्बम, कलाकार, वर्ष आणि ऐकल्याची तारीख वहीत नोंदवावी, आणि सहा महिन्यांनी तोच अल्बम त्याच मंडळींत पुन्हा लावावा.