नववीला ओहमचा नियम शिकवताना: आधी आकडे, मग नियम

नववीच्या ‘धाराविद्युत’ प्रकरणात बहुतेक वर्गांत ओहमचा नियम (भौतिक स्थिती कायम असताना तारेतली धारा तिच्या टोकांमधल्या विभवांतराच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, प्रमाणात वाढते) आधी फळ्यावर येतो आणि प्रयोग नंतर होतो. उत्तर ठाऊक असल्यामुळे मुलं मापकाच्या काट्याकडे न बघता आकडे जुळवतात. क्रम उलटा करा. पहिल्या तासाला नुसती मापनं घ्या, दुसऱ्या तासाला आलेख काढा आणि नियमाचं नाव सगळ्यांत शेवटी सांगा.

पाच मुलांच्या गटाला लागणारं साहित्य: २८ गेजची नायक्रोम तार १ मीटर, १.५ व्होल्टचे मोठे घट चार आणि त्यांचे सुटे होल्डर, धारा मोजायला ० ते १ ॲम्पिअरचा अमीटर, विभवांतर मोजायला ० ते १० व्होल्टचा व्होल्टमीटर, प्लग कळ, जोडतारा, काचकागद. या जाडीच्या नायक्रोमचा रोध (धारेला होणारा अडथळा) मीटरला सुमारे १० ओहम येतो, त्यामुळे चार घटांवरही धारा अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास राहते. काटा पट्टीवर भरपूर सरकतो, पण तार फार तापत नाही. चुकून तेवढीच तांब्याची तार लावली तर रोध ओहमच्या पाचव्या भागाहूनही कमी भरतो; घट तापतात, लवकर संपतात आणि अमीटरचा काटा टोकाला आदळतो. म्हणून तारा वाटताना स्वतः पाहून द्या.

नायक्रोम लाकडी मीटरपट्टीवर सरळ ताणून बसवा. गुंडाळून ठेवलेल्या तारेचे वेढे एकमेकांना टेकले की धारा मधूनच पलीकडे जाते आणि रोध कमी दिसतो. जोडतारांची टोकं चकचकीत होईपर्यंत काचकागदाने घासून घ्या. काटा थरथरत असेल तर दहांतल्या नऊ वेळा कारण सैल किंवा काळवंडलेला जोड हेच असतं.

परिपथ जोडताना एक शिस्त लावा. घट, कळ, अमीटर आणि तार यांचं एकच कडं आधी पूर्ण करायचं. व्होल्टमीटर अगदी शेवटी, तारेच्या दोन टोकांवर लावायचा. असं केलं की एकसर (एकामागोमाग एक, एकाच कड्यात) आणि समांतर (त्याच दोन टोकांवर शेजारी) जोडणीतला गोंधळ निम्मा कमी होतो. तरीही कुणी व्होल्टमीटर कड्यातच घालतं. मग अमीटर जवळपास शून्य दाखवतो आणि व्होल्टमीटर घटांचं जवळजवळ सगळं विभवांतर दाखवतो. ही चूक लगेच दुरुस्त करून देऊ नका, ‘धारा का थांबली?’ असं त्या गटाला विचारा. व्होल्टमीटरचा रोध खूप मोठा असतो हे त्यांना त्यातूनच सापडतं. उलट चूक मात्र घडूच देऊ नका. अमीटर थेट घटाच्या दोन टोकांना जोडला तर त्याच्या अगदी कमी रोधामुळे प्रचंड धारा वाहते आणि तो बिघडतो. मल्टिमीटर वापरत असाल तर तांबडी तार १० ॲम्पिअरच्या खाचेतच हवी, नाहीतर आतला फ्यूज उडतो.

कळ लावण्याआधी एक प्रश्न टाका: अमीटर तारेच्या आधी जोडला आणि नंतर जोडला, तर आकडा कुठे जास्त येईल? प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचं. ‘तारेत करंट खर्च होतो’ ही समजूत फार घट्ट असते. नुसतं सांगून ती जात नाही. एकच अमीटर दोन्ही जागी लावून दाखवा. दोन वेगळे अमीटर वापरले तर त्यांच्यातल्याच फरकामुळे आकडे वेगळे येऊ शकतात, आणि मुलांची चुकीची समजूत पक्की होते.

आता एक, दोन, तीन, चार अशा घटांवर मापनं घ्या. कळ फक्त वाचन घेण्यापुरती लावायची. वाचताना डोळा काट्याच्या बरोबर वर हवा. मुलं व्होल्टमीटर न बघता १.५, ३, ४.५, ६ लिहून मोकळी होतात. तसं करू देऊ नका. व्होल्टमीटर घटांच्या टोकांवर लावून कळ उघडी असताना आणि लावल्यावर, असं दोनदा वाचायला सांगा. धारा वाहू लागली की आकडा उतरतो, कारण घटाला स्वतःचाही रोध असतो. इथे ओहमची गोष्ट सांगायला हरकत नाही. गेऑर्ग ओहम स्वतः कोलोनला शाळेत शिकवत असे. रासायनिक घटांचं विभवांतर स्थिर राहीना, तेव्हा त्याने तांबं आणि बिस्मथ यांचं उष्णतायुग्म (दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर विभवांतर देणारी दोन धातूंची जोडी) वापरलं. त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात असे. त्या मापनांवर उभा असलेला ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या तासाला आलेख. धारा आडव्या अक्षावर आणि विभवांतर उभ्या अक्षावर घ्या, म्हणजे चढ हाच थेट रोध मिळतो. मुलं बिंदूला बिंदू जोडत जातात. पारदर्शक पट्टी ठेवून, बिंदू दोन्ही बाजूंना साधारण सारखे राहतील अशी एकच रेषा काढायला लावा. चढ काढायला त्या रेषेवरचे दोन दूरचे बिंदू घ्यावेत, तक्त्यातली वाचनं नाहीत.

तक्त्यात प्रत्येक ओळीत विभवांतराला धारेने भागून सरासरी काढायची पद्धत सर्रास चालते, पण आलेख तिच्याहून खूप जास्त सांगतो. समजा विभवांतर १.४, २.७, ३.९, ५.१ व्होल्ट आहे आणि खरी धारा ०.१४, ०.२७, ०.३९, ०.५१ ॲम्पिअर. अमीटरचा काटा मुळातच ०.०२ पुढे असेल तर भागाकार ८.७५, ९.३, ९.५, ९.६ ओहम असे चढत जातात आणि सरासरी चुकते. आलेखात मात्र रेषा आरंभबिंदू सोडून बाजूला सरकते. चढ १० ओहमच राहतो. चूक कुठे आहे हेही त्या सरकण्यातून कळतं. एखाद्या गटाची रेषा आरंभबिंदूतून जात नसेल तर ती ओढूनताणून तिथून नेऊ देऊ नका, अमीटरचा शून्य तपासायला पाठवा.

नियम फळ्यावर लिहिल्यानंतर नायक्रोमच्या जागी टॉर्चचा जुन्या पद्धतीचा, तंतूचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. २.५ व्होल्टच्या बल्बला दोनच घट पुरतात, म्हणून वाचनं घेताना कड्यात नायक्रोमचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे घाला आणि व्होल्टमीटर बल्बच्या टोकांवर ठेवा. तंतू तापतो तसा टंगस्टनचा रोध कित्येक पट वाढतो आणि रेषा वाकते. नायक्रोमचा रोध तापमानाने फार थोडा बदलतो, म्हणून ती सरळ आली होती. ‘भौतिक स्थिती कायम असताना’ ही नियमातली अट मुलं पाठ करतात आणि उत्तरात गाळतात. दोन्ही आलेख शेजारी ठेवून ती अट प्रत्येकाला आपल्या शब्दांत लिहायला सांगा, आणि त्या दोन ओळींनाच गुण द्या.