लॅपोनाइटपासून विद्युतभारित कलिलाची काच कशी तयार करावी

कलिल म्हणजे द्रवात विखुरलेल्या अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण; हे कण अव्यवस्थित मांडणीतच जागच्या जागी अडकले की त्या अवस्थेला काच म्हणतात. विद्युतभार नसलेले टणक गोलाकार कण या काचावस्थेत अडकण्यासाठी त्यांनी द्रवातील सुमारे 58 टक्के जागा व्यापावी लागते. लॅपोनाइट या कृत्रिम मातीच्या चकत्या साधारण 25 नॅनोमीटर व्यासाच्या आणि 1 नॅनोमीटर जाडीच्या असतात. त्यांना मात्र सव्वा टक्का जागा पुरते, कारण पृष्ठांवरील ऋण विद्युतभारामुळे प्रत्येक चकती आपल्या आकाराहून मोठ्या परिसरात शेजारच्या चकत्यांना शिरू देत नाही. हा परिसर पाण्यातील आयनांवर अवलंबून असल्याने भुकटीच्या वजनाइतकीच काळजी पाण्याची घ्यावी.

भुकटी हवेतील ओलावा शोषते, म्हणून ती 120 अंश सेल्सिअसला काही तास वाळवूनच तोलावी. आयनमुक्त पाण्यात प्रतिलिटर 0.0001 मोल सोडियम हायड्रॉक्साइड मिसळले की सामू 10 होतो. अशा 97 ग्रॅम पाण्यात 3 ग्रॅम भुकटी थोडी थोडी टाकत (एकदम ओतल्यास गुठळ्या होतात) द्रव स्वच्छ दिसेपर्यंत, सुमारे अर्धा तास, जोरात ढवळावा. नंतर तो 0.45 मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळावा आणि तो क्षण शून्य वेळ म्हणून नोंदवावा.

या पाण्यात विद्युत प्रतिकर्षणाचा पल्ला सुमारे 30 नॅनोमीटर असतो. क्षारांचे प्रमाण दसपट वाढले तर तो 10 नॅनोमीटरच्या आसपास येतो, शंभरपट वाढले तर जेमतेम 3 नॅनोमीटर उरतो. मग चकतीची धनभारित कड दुसरीच्या ऋणभारित पृष्ठाला चिकटू लागते आणि काचेऐवजी जेल (चिकटलेल्या चकत्यांचे जाळे) किंवा गाळ हाती येतो. नळाच्या पाण्याने विसळलेली बाटली तशीच वापरणे एवढ्यासाठीच महागात पडते. हवेतील कार्बन डायऑक्साइड सामू उतरवतो आणि चकत्या विरघळून मॅग्नेशियमचे आयन पाण्यात येतात, म्हणून नमुना नायट्रोजनखाली घट्ट बंद ठेवावा.

काही तासांनी बाटली उलटी केल्यावर द्रव वाहिला नाही, तरी ती काचच आहे असे मानू नये, कारण जेलही वाहत नाही. अडकलेल्या नमुन्याचा थोडा भाग वेगळा काढून त्यावर हलकेच पाणी घालावे. चकत्या केवळ प्रतिकर्षणाने अडकल्या असतील, तर अंतर वाढताच त्या मोकळ्या होऊन नमुना पुन्हा द्रव होतो. ही चाचणी पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकावी: 3 टक्क्यांच्या नमुन्यात सुमारे तीन दिवसांनंतर कड आणि पृष्ठ यांच्यातील आकर्षणाचे बंध प्रबळ होतात, आणि मग पाणी घातले तरी तो वितळत नाही.