व्हिडिओ बघून बीट बनवायला शिकताना

बीट म्हणजे ड्रम आणि बेसवर उभा राहणारा गाण्याचा ताल. तो शिकवणारा व्हिडिओ कोर्स घेणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या धड्यातच अडते. बघणं होतं, हात चालत नाहीत. वीस मिनिटांच्या धड्याला तासभर लागला पाहिजे: दोन-तीन मिनिटं बघा, थांबवा, तेच आपल्या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, मग पुढे जा.

आधी सॉफ्टवेअर ठरवा आणि कोर्स त्याचाच घ्या, नाहीतर अर्धा वेळ बटणं शोधण्यात जातो. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमधून वेव्ह (तयार आवाजाची) फाइल काढता येते, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही. नवखे इथेच फसतात. रीपर ६० दिवस पूर्ण वापरता येतं. एलएमएमएस कायमचं फुकट.

धडे पहाटे, नेटवर्क मोकळं असताना, अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवा. ७२०पी घ्या. ३६०पीमध्ये डेटा वाचतो, पण प्लगइनवरचे (सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांवरचे आणि इफेक्टवरचे) आकडे दिसत नाहीत आणि बघायचे तर तेच असतात.

लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, विंडोज प्रोसेसरचा वेग कमी करतं आणि आवाज कडकडायला लागतो. पॉवर सेटिंग परफॉर्मन्सवर न्या, बफर (वाजण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा) २५६ वरून १०२४ सॅम्पलवर. बफर मोठा तर आवाज उशिरा येतो. ४४.१ किलोहर्ट्झला हा उशीर साधारण २३ मिलिसेकंदांचा. माउसने नोट भरताना चालतो, कीबोर्ड वाजवताना खुपतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे चार्जर लावूनही कडकड होते, कारण तापलेला प्रोसेसर आपोआप मंदावतो. लॅपटॉप गादीवर नको. कूलरच्या थेट झोतातही नको, ओलावा आत जातो.

पहिल्या सरावाला १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके) ठेवा आणि १६ घरांचा पॅटर्न घ्या, चार घरांचा एक ठोका. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) १, ५, ९, १३ वर, क्लॅप (टाळी) ५ आणि १३ वर, हॅट (झांजेचा बारीक आवाज) ३, ७, ११, १५ वर. मग बेस. किक आणि बेस खालच्या फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्यात भांडतात आणि खालचा आवाज चिखल होतो. बेसवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) लावून त्याच्या साइडचेनला किक जोडा, म्हणजे किक वाजली की बेस दबतो: रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंद. १२० बीपीएमला दोन ठोक्यांच्या मधे ५०० मिलिसेकंद असतात. रिलीज फार लांबवला तर पुढची किक आली तरी बेस वर येत नाही. मास्टरचं (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजाचं) टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

हेडफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथचा आवाज मागे पडतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर ५०-६० हर्ट्झची किक जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून माणूस ती वाढवत नेतो आणि तेच गाणं लग्नाच्या डीजेवर लावलं की बेसचे डबे गुरगुरतात. ओळखीच्या साउंडवाल्याकडे पेन ड्राइव्ह लावून एकदा ऐका. तेवढ्यानेच निम्मं मिक्सिंग (आवाजांचा तोल साधणं) कळतं.

सगळेजण तेच सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे संच) वापरतात. तुमच्याकडे भजनी मंडळाची खंजिरी आहे. पत्र्याच्या खोलीत नको, खणखणाट येतो. गोधड्या टांगलेल्या खोलीत मोबाईल दोन फुटांवर ठेवून वेव्हमध्ये रेकॉर्ड करा, लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास. ३०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि हॅटच्या जागी बसवा. क्वांटाइझ (ठोके ताल-घरांवर ओढून बसवणं) ६० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर वाजवणाऱ्याचा हात निघून जातो. गावच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड वाजवणारा) असेल तर त्याच्या पॅडच्या मिडी आउटला (वाजवलेल्या ठोक्यांची माहिती बाहेर देणाऱ्या जोडणीला) यूएसबी-मिडी केबल लावली की ड्रम थेट सॉफ्टवेअरमध्ये उतरतात. तेव्हा मात्र बफर परत २५६ वर आणा.