नाकातले मिलिव्होल्ट: सिस्टिक फायब्रोसिसचा ग्राफ कसा वाचायचा

परवा भाची पंचवटीतून स्कूटीवर आली, एमएस्सीच्या नोट्स घेऊन, म्हणे मामा हा सिस्टिक फायब्रोसिसचा (सीएफ, फुफ्फुसात चिकट कफ साचवणारा आनुवंशिक आजार) ग्राफ काही झेपत नाहीये, पेशंटच्या पेशीतलं क्लोराइडचं दार बिघडलंय ना, मग त्याच्या नाकातलं व्होल्टेज नॉर्मलपेक्षा जास्त कसं? प्रश्न रास्त आहे, तिथंच सगळे अडकतात. तेव्हा तिला जसं सांगितलं तसंच लिहितो.

आधी मोजतात काय ते बघा. मिठाच्या पाण्याची बारीक नळी नाकात, खालच्या वळलेल्या हाडाच्या खाली ठेवतात, दुसरा इलेक्ट्रोड हाताच्या कातडीवर, तिथली कातडी जरा खरवडून, मधे चांगला व्होल्टमीटर. (घरचा मल्टिमीटर घेऊन प्रयोग करू नका, कृपा करा.) आकडा उणे येतो, कारण नाकाची आतली बाजू शरीराच्या मानाने उणे असते. निरोगी माणसाला साधारण उणे 20 मिलिव्होल्टच्या आसपास, सीएफवाल्याला बरेचदा उणे 40, 50. हा फरक 1981 मध्ये नोल्स, गॅट्झी आणि बाउचर यांनी दाखवला, म्हणजे सीएफटीआरचा, त्या बिघडणाऱ्या क्लोराइडच्या दाराचा, जीन 1989 ला सापडायच्या आधीच.

आता कारण, आणि इथं घाई करू नका. अस्तराच्या पेशी ईनॅक नावाच्या दारातून सोडियम आत ओढतात. सोडियम अधिक भाराचं, ते आत गेलं की बाहेर उणे उरतं. निरोगी नाकात क्लोराइड मागोमाग सीएफटीआरमधून आत जातं आणि हिशोब बराचसा मिटतो. सीएफमध्ये ते दारच चालत नाही, क्लोराइड बाहेरच अडकतं, खात्यावर उणे साचत जातं. म्हणून आकडा मोठा. मोठा आकडा म्हणजे करंट जास्त असं नाही हं! 2010 मध्ये सीएफ असलेल्या नवजात डुकरांवर काम झालं, त्यात व्होल्टेज वाढलेलं होतं पण सोडियमचं शोषण वाढलेलं दिसलं नाही. माणसात सोडियम खरंच जास्त ओढलं जातं का यावर अजून वाद चालू आहे, मी त्यात पडत नाही.

आणि याचा कफाशी काय संबंध? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवा, थोड्या वेळात वाडग्यात पाणी सुटलेलं दिसेल. मीठ जिकडे, पाणी तिकडे. श्वासनलिकेवर जेमतेम 7 मायक्रॉनचा पाण्याचा थर असतो, क्लोराइड बाहेर सोडता येत नसेल तर पाणीही बाहेर येत नाही, मग कफ चिकट होऊन बसतो.

ग्राफ डावीकडून वाचा. पहिला सपाट भाग म्हणजे सुरुवातीचा आकडा. मग अ‍ॅमिलोराइड सोडतात, ते सोडियमचं दार बंद करतं, रेष शून्याकडे सरकते, सीएफमध्ये ही उडी मोठी. त्यानंतर क्लोराइड नसलेलं पाणी आणि वर आयसोप्रोटेरेनॉल, हे औषध सीएफटीआरचं दार उघडायला लावतं. आता खरी परीक्षा: निरोगी नाकातून क्लोराइड बाहेर धावतं आणि रेष पुन्हा उणेकडे जाते, सीएफमध्ये ती जवळपास हलतच नाही. मला विचाराल तर नुसत्या पहिल्या आकड्यापेक्षा हा भाग जास्त बघा. शेवटी कधी कधी एटीपी देतात, ते क्लोराइडचं दुसरंच दार उघडतं, तिथं सीएफची रेषही हलते, म्हणजे पेशी ठीक आहेत आणि नळीही जागेवर आहे हे कळतं.

बाकी निदानासाठी डॉक्टर आधी घामच तपासतात, घामात क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा वर असलं तर सीएफची दाट शंका. नाकाची टेस्ट अडलेल्या केससाठी.

एवढं झाल्यावर भाचीने नोट्समधला सरावाचा दुसरा ग्राफ काढला, सुरुवात उणे 8, शेवटपर्यंत रेष झोपलेली, एटीपीलाही हलली नाही. लगेच म्हणाली सीएफ! म्हटलं सुरुवातीचा आकडा बघ की, आणि कोपऱ्यात पेन्सिलने काय लिहिलंय ते वाच. लिहिलं होतं, "पेशंटला सर्दी". सुजलेल्या अस्तरातून भार गळतो, आकडा शून्याकडे येतो आणि कुठलंच औषध दिसत नाही. नाशकात जानेवारीत तर निम्म्या गावाचं नाक वाहतं, अशा वेळी टेस्ट घेऊच नये, नाक बरं झालं की परत बोलवायचं.